भेग पडलेल्या जुन्या घरावर गृहकर्ज कसं मिळवायचं

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली आणि विटांच्या सांध्यांनी पायऱ्या उतराव्यात तशी जोत्यापर्यंत गेलेली भेग. सांगलीत गावभागाच्या कडेचं ते घर पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं लक्ष तिथेच गेलं. घरमालक सत्तरीतले. म्हणाले, "ताई, ही 2019 च्या पुरानंतरची. मी झाकलेली नाही. तुम्ही तुमच्या माणसाला दाखवा." तो जानेवारी 2023 होता. सप्टेंबरात त्याच घराची खरेदी आम्ही बँकेच्या कर्जावर केली. मधल्या आठ महिन्यांत एका बँकेनं नकार दिला, दहा हजारांवर पैसे वाया गेले, आणि जे आधी माहीत असायला हवं होतं ते एकेक करून कळत गेलं. पुरात उभी राहिलेली जुनी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. नवा फ्लॅट परवडत नाही म्हणून जे त्या घरांकडे वळतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब बघते, आमचे हे कुपवाड एमआयडीसीत आहेत. विश्रामबागला भाड्यानं राहत होतो. हे घर 1984 चं, सिमेंटमधल्या वीटकामाच्या भिंती आणि वर आरसीसी स्लॅब, म्हणजे लोड बेअरिंग: वजन खांबांवर नाही, भिंतींवर. स्लॅबवर नंतर कधीतरी 10 बाय 12 ची पत्र्याची खोली चढवलेली. घरमालक काकांनी 38 लाख सांगितले होते.

पहिल्या बँकेत काय झालं

आम्ही सरळ बँकेत गेलो, ही चूक झाली. पगाराच्या स्लिपा, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत, सगळं चांगलं होतं, त्यामुळे तिथल्या साहेबांनी तोंडी होकार दिला आणि फाइल लॉगिन केली. मग बँकेच्या यादीवरचा मूल्यांकनकार घरी आला. वीस-पंचवीस मिनिटं होता. टेप लावली, फोटो काढले, भेगेचाही काढला. दहा दिवसांनी कळलं की अहवालात किंमत 29 लाख आणि "उर्वरित आयुष्य 12 वर्षे" लिहिलंय. कर्ज नामंजूर.

12 वर्षं या आकड्यावर सगळं कसं अडलं ते समजून घ्या, कारण तुमचंही इथेच अडेल. बहुतेक मूल्यांकनकार पक्क्या इमारतीचं एकूण आयुष्य साधारण 60 वर्षं धरतात. त्यातून घराचं वय वजा केलं की उरतं ते उर्वरित आयुष्य. आमचं घर 39 वर्षांचं, म्हणजे 21 उरायला हवी होती. भेग आणि बाथरूमच्या स्लॅबचे पोपडे बघून त्यानं ती 12 वर आणली. त्या बँकेचा नियम असा की कर्ज फिटल्यावरही घर निदान 5 वर्षं उभं राहायला हवं. 12 मधून 5 गेले, राहिली 7 वर्षं. सात वर्षांत फिटेल असा हप्ता आमच्या पगारात बसत नव्हता.

बँकेच्या मूल्यांकनकाराचं काम भेग का पडली हे शोधणं नाही. हे घर विकावं लागलं तर किती येतील आणि किती वर्षं येतील, एवढंच त्याला सांगायचं असतं. भेगेचं कारण त्याला कोणी कागदावर दिलं नाही तर तो वाईटात वाईट धरतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून आपला कागद त्याच्या आधी तयार हवा.

नकार आला तर कारण लेखी मागा. आम्हाला मूल्यांकनाची प्रत मिळाली नाही, पण पत्र मिळालं आणि पुढच्या तयारीला ते उपयोगी पडलं. आणि रागाच्या भरात लगेच चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलमध्ये नोंदली जाते, आणि पाचव्या बँकेला ती रांग दिसते.

विसार देण्याआधी स्वतः बघायच्या गोष्टी

दुसऱ्या खेपेला मी माझ्या मामांना घेऊन गेले. मामांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. त्यांनी भेगेवरचा गिलावा खिळ्यानं थोडा खरवडला, आत बघितलं आणि म्हणाले, "ही गिलाव्यातली न्हाई, विटेतली हाय. पन पोरी, भ्यायचं न्हाई. आधी बघायचं, पानी कुठनं येतंय."

त्या दिवशी त्यांनी शिकवलेलं आणि नंतर इंजिनिअरांनी समजावलेलं एकत्र सांगते.

गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा बहुतेक गिलावा आकसल्यामुळे पडतात. त्यांची काळजी नको. भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तिथली आडवी रेघ बऱ्याचदा उन्हानं स्लॅब प्रसरण पावल्याची असते. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग मात्र सांगते की घराचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचलाय. आणि स्लॅबच्या किंवा बीमच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत सरळ गेलेली, कडेला तांबूस डाग असलेली भेग म्हणजे आतली सळई गंजून फुगली आहे आणि कॉंक्रीट फोडते आहे. चार भेगा, चार वेगळे आजार.

रुंदीही मोजा. भारतीय मानक ब्यूरोच्या पुस्तिकेत 1 मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे बारीक, 1 ते 2 मध्यम आणि 2 च्या वर रुंद असा हिशेब आहे. आमची भेग खाली 3 मिलिमीटर होती, वर जाऊन अर्ध्यावर आलेली. भिंतीच्या दोन्ही अंगांनी ती एकाच जागी दिसते का, तेही बघा. दिसत असेल तर ती आरपार आहे.

पण रुंदीपेक्षा मोठा प्रश्न हा की ती वाढते आहे का. यासाठी काचपट्टी लावतात. बोटाएवढ्या रुंदीची पातळ काच भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली तर काच तडकते. काकांच्या परवानगीनं आम्ही फेब्रुवारीत तीन ठिकाणी काचा लावल्या आणि भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

आपल्या भागात हे एक-दोन महिने बघून चालत नाही. कृष्णाकाठची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, जमिनीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या घराचा पाया त्या मातीतच थांबलाय ते मातीबरोबर वर-खाली होतं. मे महिन्यात उघडलेली भेग ऑगस्टमध्ये मिटलेली दिसते, आणि मिटलेल्या वेळी घर बघणारा फसतो. म्हणून कडक उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्या काचेवरून गेले पाहिजेत. घर बघायला उन्हाळ्याच्या शेवटी जा आणि एकदा मुसळधार पाऊस चालू असताना जा. पावसातच मला दिसलं की गच्चीचं सगळं पाणी एकाच तुटक्या पन्हाळीतून पश्चिमेच्या कोपऱ्यात, अगदी जोत्याच्या अंगावर पडत होतं. भेग होती तो हाच कोपरा. मामांनी जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जूनमध्ये मिळालं.

बाकी थोडक्यात. फरशीवर गोटी ठेवून बघा, कुठे धावते. दारं घासतात का, कड्या बसतात का. ओळंबा लावा, भिंतीला पोट आलं असेल तर तो लगेच सांगतो. लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीवर येणारे पांढरे क्षार, किती उंचीपर्यंत चढलाय. खोलीत नुकतीच पुट्टी आणि रंग मारलेला असेल तर का मारला, हे विचारायला संकोच करू नका. आणि शेजारच्या आजींशी बोला. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 ची. कुठल्या घरात ते किती दिवस बसलं होतं हे शेजाऱ्यांना तोंडपाठ असतं. आमच्या घरात खिडकीपर्यंत, आठ दिवस. सिमेंटच्या वीटकामाला ते झेपलं. मातीत रचलेल्या भिंती असत्या तर इतके दिवस भिजून त्यांची पकड सुटली असती.

सातारा जिल्ह्यात घर बघत असाल तर आणखी एक. पाटण, कोयना पट्ट्यात 11 डिसेंबर 1967 चा पहाटेचा भूकंप सोसलेली दगड-मातीची घरं अजून उभी आहेत. माझी मावशी तशाच घरात राहते. अशा बांधकामाला मूल्यांकनकार जवळजवळ काहीच किंमत धरत नाहीत, फक्त जागेची धरतात. तिथे जुनं घर विकत घ्यायला कर्ज मागण्यापेक्षा जागा आणि नवं बांधकाम असा प्रस्ताव करणं सोपं जातं.

आपला इंजिनिअर आणि त्याचा अहवाल

ओळखीचा ठेकेदार किंवा नकाशे करणारा चालत नाही. महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा आणि अहवालावर त्याचा परवाना क्रमांक हवा. आमचे इंजिनिअर मिरजेचे. तपासणी, चाचण्या आणि अहवाल मिळून त्यांनी 18,000 रुपये घेतले. 38 लाखांच्या घरापुढे हा खर्च मोठा नाही, आणि पुढे त्यातूनच आमचे 4 लाख वाचले.

त्यांनी काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मागता येईल. भेगेच्या कोपऱ्याशी पायापर्यंत खड्डा घेतला. पाया साडेचार फुटांवर, काळ्या मातीतच थांबलेला निघाला. स्लॅबवर रिबाउंड हॅमर मारला, कॉंक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे ते त्यानं कळतं. मग ध्वनिलहरींची चाचणी. त्यांच्या हिशेबात लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर कॉंक्रीट चांगलं, 3 ते 3.5 मध्यम, 3 च्या खाली शंकास्पद. आमचं 3.2 ते 3.6 मध्ये आलं. बाथरूमच्या स्लॅबचा सुटा तुकडा काढून त्यांनी त्यावर एक द्रव फवारला. जिथे कॉंक्रीट धड आहे तिथे ते क्षणात गुलाबी झालं, बाहेरच्या दोन सेंटिमीटरमध्ये रंगच आला नाही. "एवढ्या भागात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं कॉंक्रीटचा अल्कधर्म गेलाय, तो आता सळईला गंजण्यापासून वाचवत नाही," ते म्हणाले. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की या घराबद्दल आपल्याला खरं काहीतरी कळतंय.

निष्कर्ष असा: पन्हाळीच्या पाण्यानं आणि पुरानं पश्चिमेचा कोपरा खचला, वर पत्र्याच्या खोलीच्या भिंतींचं वजन त्याच बाजूला; खचणं आता थांबलं आहे; बाथरूम आणि गॅलरीच्या स्लॅबची सळई गंजली आहे; बाकी घर सुस्थितीत. दुरुस्तीचं अंदाजपत्रक 4 लाख 60 हजार. त्यात पन्हाळी बदलून पाणी पाइपानं गटारात सोडणं, घराभोवती दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा, भेगेत आडव्या सळया घालून न आकसणाऱ्या ग्राउटनं (पातळ सिमेंट मसाल्यानं) भिंत शिवणं, स्लॅबचं सुटं कॉंक्रीट काढून सळई घासून पॉलिमर मॉर्टर, आणि वरची खोली उतरवणं.

इथे मी त्यांना एक विनंती केली, ती तुम्हीही करा. चाळीस पानांचा अहवाल बँकेत कोणी पूर्ण वाचत नाही. शेवटी बँकेसाठी एक वेगळं पान मागा. आमच्या पानावर साधारण असं होतं: "भेगेचे कारण पावसाच्या पाण्यामुळे पायाखालील मातीचे स्थानिक खचणे हे आहे. फेब्रुवारी ते जुलै या काळात लावलेल्या काचपट्ट्या अखंड आहेत. हालचाल थांबलेली आहे. इमारत राहण्यास सुरक्षित असून ती रिकामी करण्याची गरज नाही. सोबतच्या अंदाजपत्रकाप्रमाणे दुरुस्ती केल्यास इमारतीचे उर्वरित आयुष्य किमान 20 वर्षे राहील." कारण, हालचाल, सुरक्षितता, आयुष्य. मूल्यांकनकाराला आधार म्हणून हेच लागतं.

अहवालात इमारतीचा वर्ग येतो, तोही नीट बघा. सी-1 म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडण्याची, सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-2 बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याची आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आमचं सी-2 बी होतं. सी-1 किंवा सी-2 ए निघालं तर मी तरी खरेदीच्या कर्जाचा नाद सोडून देईन. ते घर नव्हे, ती जागा आहे, आणि जागेचाच भाव द्यायचा. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का हे प्रभाग कार्यालयात विचारून घ्या.

भाव आणि साठेखत

अहवाल घेऊन काकांकडे गेले तेव्हा मी भांडायला गेले नव्हते. त्यांच्या ओट्यावर बसून पानं एकेक करून वाचून दाखवली. पत्र्याच्या खोलीला परवाना नव्हता, हे त्यांनीच सांगितलं. मंजूर नकाशात नसलेल्या बांधकामाला बँक किंमत देत नाही, तेही मी त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या हातनं बांधलेलं घर आहे. पाडणाऱ्याला नाही द्यायचं मला. तुम्ही राहणार, तर 34 करू." मला त्या क्षणी काही बोलताच आलं नाही.

साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, वकिलांनी एक कलम घातलं: बँकेनं तांत्रिक किंवा कायदेशीर कारणानं कर्ज नाकारलं तर विसाराची रक्कम 30 दिवसांत परत. या एका कलमाशिवाय अशा घराचा विसार देऊ नका. साध्या विसारपावतीवर लाखो रुपये देणाऱ्यांना मी ओळखते. कर्ज फसलं की ते पैसे निघता निघत नाहीत. साठेखत नोंदणीकृत करा. काकांच्या दोन्ही मुलींचं हक्कसोडपत्र आधीच झालेलं होतं, तरी आम्ही जाहीर नोटीस दिली.

कागदांत प्रॉपर्टी कार्ड, मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती हे नेहमीचं. आपल्याकडे दोन गोष्टी जास्तीच्या. एक, गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर नियमितीकरणाचा दाखला. तो नसेल तर बऱ्याच बँका फाइल उघडतच नाहीत. दुसरी, पूररेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कुठे पडतं याचा लेखी दाखला नगररचना विभागातून घ्या. निळ्या रेषेच्या आत पुढे नवं बांधकाम करण्यावर कडक बंधनं येतात, म्हणून मूल्यांकनकार तिथल्या घराचा भाव उतरवतो. आमचं घर दोन रेषांच्या मधे निघालं.

दुसरी बँक, आणि दुरुस्ती आधी की कर्ज आधी

इथे एक पेच येतो. बँक म्हणते आधी दुरुस्त करा, मग कर्ज देऊ. मालक म्हणतो घर विकतोय, खर्च कशाला करू. आणि घर तुमच्या नावावर झालेलं नसताना तुम्ही चार लाख घालणं धोक्याचं. यातून बाहेर पडायला मला तीन वाटा दिसल्या. मालकानं किमतीतल्या काही रकमेवर दुरुस्ती करून द्यायची. किंवा बँकेनं मंजूर रकमेतला काही भाग राखून ठेवायचा आणि काम झाल्यावर सोडायचा. किंवा खरेदीचं कर्ज आत्ता, आणि ठराविक महिन्यांत दुरुस्ती करून इंजिनिअरचा पूर्णत्वाचा दाखला देण्याचं हमीपत्र.

या वेळी मी अर्ज भरण्याआधी तीन ठिकाणी बँकेसाठीच्या त्या पानासह अहवालाची नुसती दोन-चार पानं घेऊन गेले आणि विचारलं, "या स्थितीतलं घर तुम्ही घेता का, आणि कुठल्या अटीवर?" एका ठिकाणी लोड बेअरिंगला सरळ नाही. एका हाउसिंग फायनान्स कंपनीनं होकार दिला, पण व्याज पावणेदोन टक्क्यांनी जास्त. तिसऱ्या ठिकाणच्या शाखाधिकारी मॅडमनी अहवाल वाचला, इंजिनिअरांना माझ्यासमोर फोन लावला आणि तिसरी वाट स्वतःहून सुचवली. अर्ज तिथेच केला. मूल्यांकनकार येणार त्या दिवशी मी अर्धी रजा काढली आणि काचपट्ट्या, पायाच्या खड्ड्याचे फोटो, अंदाजपत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तासभर बघितलं. किंमत 32 लाख, दुरुस्तीच्या अटीवर उर्वरित आयुष्य 20 वर्षं.

आता पैशांचं गणित, कारण इथे माणसं तोंडघशी पडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतात. ती कमाल मर्यादा आहे; जुन्या घराला बँका स्वतःहून कमी देतात. आमच्या बँकेनं 75 टक्के दिले. आणि ते टक्के व्यवहाराची किंमत आणि मूल्यांकन यांत जी कमी त्यावर. म्हणजे 34 वर नाही, 32 वर: 24 लाख. 20 वर्षांतून 5 वजा, म्हणून मुदत 15 वर्षं. पावणेनऊ टक्क्यांनी हप्ता 24,000 च्या आसपास. हेच कर्ज 20 वर्षांचं असतं तर 21,200 बसला असता. घराचं वय असं दर महिन्याच्या हप्त्यात उतरतं. आधीच धरून चाला.

किमतीतले 10 लाख आमचे. मुद्रांक शुल्क वेगळं. घर फक्त माझ्या नावावर घेतल्यामुळे त्यात 1 टक्का सवलत मिळाली, 34,000 वाचले. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही. नोंदणी फी 30,000. दुरुस्तीला त्याच बँकेनं 3 लाखांचं वेगळं कर्ज दिलं, काम होईल तसं दोन टप्प्यांत. सगळं धरून आमच्या खिशातून साधारण 14 लाख गेले. मी पहिल्यांदा 8 धरले होते. उरलेल्यासाठी माझे दागिने आणि ह्यांच्या पीएफमधून काढलेली रक्कम कामी आली.

करसवलतीत दोन्ही कर्जं वेगळी मोजली जातात. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या खरेदीच्या कर्जावर वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याजाची वजावट, दुरुस्तीच्या कर्जावर फक्त 30,000, आणि तीही त्याच 2 लाखांत धरून.

मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं की 30 दिवसांत गहाणाची सूचना दुय्यम निबंधक कार्यालयात दाखल व्हावी लागते. बँका बहुधा करून घेतात, तरी पावती मागून घ्या. जमा केलेल्या मूळ कागदांची यादीही सही-शिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत ते परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. यादी असली तरच ते मागता येतं.

काम नोव्हेंबरात सुरू केलं, माती वाळल्यावर. आधी पन्हाळी आणि कोबा, मग भेग. पाण्याची वाट बंद न करता भेग भरली तर पुढच्या वर्षी शेजारी दुसरी पडते. मामा रोज सकाळी येऊन उभे राहायचे. बँकेला हवेत म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले, विशेषतः झाकलं जाणारं काम झाकायच्या आधी. इंजिनिअर मधे दोनदा येऊन गेले.

घराचा विमा बँक सांगेल तोच घ्यावा लागतो असं नाही. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची सारख्या अटींची पॉलिसी असते, तिच्यात पूर आणि भूकंप दोन्ही येतात. आम्ही इमारतीबरोबर सामानही घातलं. अर्जात घराचं वय, जुनी भेग आणि 2019 चं पाणी हे सगळं खरं लिहिलं आणि अहवालाची प्रत जोडली, म्हणजे पुढे दाव्याच्या वेळी कोणी काही लपवलं म्हणायला नको.

पूर्णत्वाचा दाखला फेब्रुवारी 2024 मध्ये बँकेत दिला आणि पोच घेतली. तीन काचपट्ट्यांपैकी जोत्याजवळची एक इंजिनिअरांच्या सांगण्यावरून नव्या गिलाव्यावर परत लावली आहे. मे आणि ऑगस्टच्या 15 तारखेला मी तिचा फोटो काढते आणि कर्जाच्या फाइलला लावते.